बटणाला जग दाखवायचं आहे

हवामान केंद्र
९ फेब्रुवारी

प्रिय आई,

नमस्कार. पोचले एकदाची. होडीतून उतरताना पाय असे लटपटत होते की इथल्या स्वयंपाक्यानं मला पोत्यासारखं उचलून धक्क्यावर ठेवलं. बेट म्हणजे एक टेकाड, त्यावर आमची मूठभर माणसं, वारा मोजायची यंत्रं आणि सदानकदा भांडणारे समुद्रपक्षी. फोन लागत नाही. वायरलेस आहे, पण तो हवामानापुरता. तेव्हा ऑगस्टपर्यंत होडी येईल तेव्हा पत्र, एवढंच.

बदलीचा हुकूम असा आयत्या वेळी येणार हे माहीत असतं तर कुत्र्याचं पिल्लू आणलंच नसतं. आता तुमच्या पदरात टाकून आलेय खरी. तुमचे चिरंजीव रात्रभर बेकरीत आणि दिवसभर अंथरुणात, म्हणजे सगळा भार तुमच्यावर. त्यानं गिळलेलं बटण बाहेर आलं का? तुम्ही रागारागानं ठेवलेलं ‘बटण’ हे नाव मला फार आवडलंय. तुमच्या शिवणकामाच्या टाचण्या तेवढ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, आई. बटण निघतं, टाचणी निघत नाही.

माझे बाबा जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यामुळे हे मी जेवताना ऐकत मोठी झालेय: पिल्लाचे पहिले थोडे महिने फार मोलाचे. या दिवसांत त्याला जे जे आनंदानं भेटतं, त्याची पुढे भीती राहत नाही. सगळ्या लशी होईपर्यंत त्याला रस्त्यावर, भटकी कुत्री फिरतात तिथं, खाली सोडायचं नाही. पण म्हणून घरात कोंडायचंही नाही. पिशवीत घाला, खांद्याला लावा आणि जग दाखवा. टोपीवाले, काठीवाले, रडणारी पोरं, छत्र्या, हातगाड्या. नवीन काही दिसलं की तोंडात एक छोटा घास. घाबरलं तर पुढे ढकलू नका, चार पावलं मागे या.

एवढं कराल ना?

तुमची सून

*

घर
१७ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद. पत्र मिळालं. लोक गावाला जाताना शेजाऱ्याकडे कुंडी ठेवतात, तू सासूकडे कुत्रं ठेवलंस. असो.

बटण निघालं. कोणत्या कोटाचं ते मी गिऱ्हाइकाला सांगणार नाही.

तुझं ऐकून मी पडद्याच्या जाड कापडाची पिशवी शिवली. आत अस्तर, तळाला पुठ्ठा, पट्टा रुंद. तुझ्या नवऱ्याला म्हटलं, त्याला तूच पिशवीत घाल, माझे हात कापडाला लागतात, मळलेले चालत नाहीत. मग ती पिशवी पाठीला लावून मी निघाले. तू पोटाशी म्हणाली होतीस का पाठीशी, ते पत्रात नव्हतं. लोक वळून वळून बघत होते. पिशवीतून दोन कान बाहेर आणि त्यांच्या पुढे मी, मान ताठ, जणू मागे काही नाहीच.

टोपीवाला झाला, काठीवाला झाला. रडणारं पोर शोधायला दवाखान्याशी जावं लागलं. हातगाडीपाशी तो थरथरला, तशी मागे आले, पावाचा तुकडा मागच्या मागे हात करून दिला. बोट चाटलं मेल्यानं. घरी येऊन हात साबणानं धुतला.

घरात त्याची झोप सोडली तर धुमाकूळ. मी मशीनवर बसले की पायांशी येतो, पायपट्टीशी झटापट करतो. मी हल्ली पाय स्टुलावर घेऊन हातशिलाईचंच काम करते. गुडघ्यांना बरं असतं.

वरच्या मजल्यावरचे कवायतमास्तर विचारत होते, हे कुठून आणलं म्हणून. निवृत्त झाले तरी शिट्टी अजून गळ्यात असते. म्हणाले, कुत्र्याला पहिल्या दिवसापासून धाक हवा. मी म्हटलं, माझ्या सुनेचं कुत्रं आहे, तिला विचारा.

समुद्राच्या वाऱ्यात कान झाकून जात जा.

आई

*

हवामान केंद्र
२६ फेब्रुवारी

प्रिय आई,

पाठीला पिशवी आणि मान ताठ! पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. स्वयंपाकी म्हणाला, अशी सासू मला असती तर मी बेटावर आलोच नसतो.

गुडघे दुखतायत हे मला आधी कसं बोलला नाहीत? निळ्या डबीतलं मलम माझ्या कपाटात आहे, लावा.

पायांशी झटापट करतो तो खोडसाळपणा नाही, दात येतायत त्याला. पाय ओढून न घेता चिंध्यांची एक जाड वेणी करून त्याच्या तोंडासमोर धरा. आणि रोज थोडा वेळ त्याला जवळ घेऊन पंजे, कान, ओठ हलकेच हाताळा, लगेच घास द्या. म्हणजे उद्या डॉक्टरांनी नखं कापताना तो घाबरणार नाही. तुमच्या हातांना तर नाजूक काम सवयीचंच आहे.

मास्तरांचं मनावर घेऊ नका.

तुमची सून

*

घर
२० मार्च

सूनबाई,

पत्राला उशीर झाला. लग्नसराईसारखी गर्दी आहे कामाची, आणि सांगण्यासारखं फारसं नव्हतं.

आता मात्र आहे. तुझा बटण शहाणा झालाय. तुला ओळखू येणार नाही. मास्तर रोज सकाळी येतात. त्यांनी त्याच्या गळ्यात साखळी घातली आहे, ओढली की आवळते ती. शिट्टी वाजली की बसायचं. गुरगुरला की एक हिसका. पहिले काही दिवस फार गुरगुरला, आता बंद. तोंडातून आवाज म्हणून नाही. मशीनखाली कोपऱ्यात बसतो, भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाइकं येतात-जातात, मान वर करत नाही. लोक म्हणतात, किती गरीब कुत्रं आहे हो तुमचं.

पिशवी फडताळात ठेवली. मास्तर म्हणाले, ते सगळं लाड आहेत.

मीही परत मशीनवर बसते आहे, पाय खाली टेकून. इतक्या दिवसांनी बरं वाटलं.

लायब्ररीवाल्या बाईंच्या मुलीचा फ्रॉक शिवायला घेतलाय. चिंगी तिचं नाव. घेर एवढा हवाय की गिरकी घेतली की छत्री व्हावी, असं तिचं म्हणणं.

तब्येत सांभाळ.

आई

*

हवामान केंद्र
४ एप्रिल

आई,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

तो शहाणा झालेला नाही. तो घाबरून गप्प झालाय. भिंतीकडे तोंड करून बसणारं पिल्लू गरीब नसतं, आई, त्याला बघायचीसुद्धा भीती वाटत असते. आणि गुरगुरणं म्हणजे त्याचं ‘नको’ म्हणणं. ते हिसके देऊन बंद केलंत तर त्याची भीती जात नाही, फक्त सांगायची सोय जाते. मग एक दिवस तो न सांगता चावेल.

ती साखळी आजच्या आज काढा. त्याला कुणा परक्याच्या, विशेषतः लहान मुलांच्या, जवळ एकटं सोडू नका. मास्तरांना यायचं बंद करायला सांगा. घाबरलं तर ढकलू नका, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तुम्हाला ते पटत नव्हतं तर तसं सांगायचं होतं. तुम्हाला जमणार नसेल तर माझी कॉलेजातली मैत्रीण त्याला ठेवून घेईल. तिला कुत्र्यांची समज आहे.

समुद्र खवळलाय. होडी कधी येईल देव जाणे, आणि हे पत्र तोवर माझ्या उशाशी पडून राहणार.

*

घर
१९ एप्रिल

बाईसाहेब,

आज पत्र तुझ्या नवऱ्याचं. आई लिहीत नाहीये, म्हणून मी लिहितोय. हातावरचं पीठ झटकून बसलोय, कागदाला लागलं असेल तर माफ कर.

आधी महत्त्वाचं. बटण चावला. चिंगीला. मनगटाला दात लागले, रक्त आलं. आईनं लगेच नळाखाली धरून साबणानं धुतलं, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. आता मनगटावर नुसती खूण आहे. फ्रॉकची मापं बघायला आली होती ती. आई आत खडू आणायला गेली तेवढ्यात पोर मशीनखाली शिरली आणि भिंतीकडे बघत बसलेल्या बटणाला मागून मिठी मारली. तो गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, काही नाही. एकदम चावला.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

आईनं ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि ब्लाउजांच्या कपाटात ठेवून दिलं. मला वाटलं रडेल, तर कात्री घेऊन कापड कापायला बसली.

लायब्ररीवाल्या बाई भडकल्या होत्या, आणि का भडकू नये? पलीकडच्या गोदामाचा पहारेकरी येऊन म्हणाला, मला द्या, फाटकाला बांधून ठेवतो. मी म्हटलं, आई, देऊन टाकू. मी तुझ्या परस्पर असं म्हणालो, त्याबद्दल तू मला आल्यावर काय ते बोल. आई म्हणाली, “त्याला बिघडवला कुणी? आपण. आणि बांधून कुणी घ्यायचं? त्यानं?” पहारेकऱ्याला चहा पाजून परत पाठवला. मग बटणाजवळ खाली बसून गळ्यातली साखळी काढायला लागली, तर हात कडीपर्यंत जायचा आणि परत मागे यायचा. शेवटी मी काढली.

आता तुला एक सांगतो, जे तिनं तुला सांगितलं नाही आणि मलाही वाटलं तुला माहीत असेल. आईला कुत्र्यांची भीती वाटते. साधी नाही. मी लहान असताना समोरून कुत्रं आलं की ती मला कडेवर घेऊन रस्ता ओलांडायची, आणि धाप मात्र तिला लागलेली असायची. पाय स्टुलावर घ्यायची ते गुडघ्यांसाठी नव्हे. पिशवी पाठीला लावायची कारण पुढे लावली असती तर तोंड तिच्या तोंडाशी आलं असतं. मास्तरांनी बटणाला गप्प केला तेव्हा तिला पहिल्यांदा स्वतःच्या घरात पाय खाली टेकता आले. म्हणून तिनं त्यांना येऊ दिलं.

तू रागावून लिहिलंस ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण तुला हे माहीत असायला हवं.

काल घरी आलो तर ती मशीनपासून लांब, जमिनीवर बसली होती. पाठ बटणाकडे. हात मागे, तळव्यावर अंड्याचा तुकडा. तो आला नव्हता. ती तशीच बसून होती.

तुझा

*

हवामान केंद्र
१ मे

प्रिय आई,

काय लिहू ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. मला माफ करा.

मी तुमच्या घरात इतके दिवस राहिले आणि तुम्हाला कशाची भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. पिल्लू आणलं तेव्हा ‘चालेल ना?’ असं विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबले नाही. त्याच्या सवयींची पानंच्या पानं लिहिली आणि तुमच्या पायांना मलम सुचवलं! आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मैत्रिणीचं लिहिलं ते विसरून जा. तुम्हाला त्रास होत असेल तर बटणाला तिच्याकडे ठेवू, पण तो निर्णय तुमचा. मी रुसणार नाही. आणि ठेवणार असाल तर एकटीनं करू नका. बाबांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आता आपल्याच शहरात आहेत, पत्ता सोबत देते. त्या ओरडतात खूप, पण माणसांवर. जनावरांवर कधीच नाही.

चिंगीला मी इथले शिंपले पाठवतेय. तिच्या आईची मी स्वतः येऊन माफी मागेन.

तुम्ही एक ओळ लिहा. रागावलेली लिहिली तरी चालेल.

तुमची सून

*

घर
१० जून

सूनबाई,

रागावले होते. खोटं कशाला बोलू? ‘तिला कुत्र्यांची समज आहे’ हे वाक्य मी भांडी घासताना, काजं करताना, झोपताना म्हणत होते. मग राग उतरला. तुझं म्हणणं खरंच निघालं होतं ना, म्हणून जास्त लागलं.

आता ऐक. डॉक्टरीणबाईंकडे गेले. पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या, मग मास्तरांवर, मास्तर तिथे नसताना. मग म्हणाल्या, उशीर झालाय, पण हातातून गेलेला नाही. सगळं पहिल्यापासून, आणि पूर्वीच्या निम्म्या वेगानं. मी म्हटलं, मलाही तोच वेग बरा. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “तुम्हाला भीती वाटते का हो कुत्र्यांची?” इतक्या सहज विचारलं की मी हो म्हणून गेले. म्हणाल्या, छान, म्हणजे तुम्ही घाई करणार नाही.

तर रोज सकाळी मी जमिनीवर बसायचे आणि तो मशीनखाली. मधे अंडं. आधी मी उठून गेल्यावर खायचा. मग मी बसलेली असताना. एका सकाळी मी पाठ करून बसले होते, तर कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक. मी हलले नाही. तोही घाबरलेला, मीही घाबरलेली, आणि दोघं एकमेकांना समजू न देता बसलेलो. मग त्यानं डोकं माझ्या पाठीला टेकवलं आणि मोठा सुस्कारा सोडला. सूनबाई, त्या दिवशी मला दुपारपर्यंत मशीनवर बसवलं नाही. दोरा ओवता येईना, डोळे सारखे भरून येत होते.

त्यानंतर आठवड्याभरात तो गुरगुरला. गिऱ्हाईक टेप हलवत अंगावर आलं तेव्हा. माझा नवस फळल्यासारखा आनंद झाला मला! मी गिऱ्हाइकाला म्हटलं, “थांबा, तो नको म्हणतोय,” आणि त्यांना लांब बसवलं. माझ्या सासूबाईंपुढे नको म्हणायची मला सोय नव्हती. तुला आहे. तूही अधूनमधून गुरगुरत जा, म्हणजे घरात कळेल.

मास्तरांना सांगताना मात्र माझं तोंड सुटलं. म्हटलं, “मास्तर, तुमच्या शिट्टीनं हजार पोरं रांगेत उभी राहिली असतील. त्यातली भेटायला किती येतात?” ते जिना चढून गेले. मला वाईट वाटलं. ज्याला कुणी भेटायला येत नाही त्याला हे विचारायला नको होतं. दोन दिवसांनी वर जाऊन म्हटलं, बटणाला टोपीवाल्या माणसाची भीती घालवायची आहे, मदत हवी. आता ते रोज शिट्टी घरी ठेवून येतात, कवायतीच्या चालीनं आमच्या दारावरून जातात, बटणाकडे बघत नाहीत आणि दर चार पावलांवर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकतात. सावधान, विश्राम, तुकडा. परवा बटणानं त्यांच्या मागे शेपूट हलवली. मास्तरांना सांगितलं तर कोपऱ्यावर जाऊन चष्मा पुसत उभे राहिले.

राहिली चिंगी. मी तिला बोलावणार नव्हतेच. तिच्या आईपुढे जायची माझी छाती नव्हती. शेवटी फ्रॉक तयार करून मीच पोचवायला गेले. बाई दार अडवून उभ्या. मागून पोरगी म्हणाली, “आई, मी त्याच्या कोपऱ्यात न विचारता गेले होते. तू पण ओरडतेस मी न विचारता आले की.” बाईंना हसू आलं आणि त्या बाजूला झाल्या.

मग डॉक्टरीणबाईंना विचारून, बाईंच्या समोर, आम्ही ठरवून केलं. बटणाला तोंडाची जाळी घालायची सवय लावली होती. आत लोणी लावलं की स्वतःच नाक खुपसतो. दारात आडवी फळी. चिंगी फळीच्या पलीकडे फ्रॉकचा घेर पसरून बसली, पुस्तक वाचत. त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, हे तिला एकदाच सांगितलं. मोठ्यांना मला दहादा सांगावं लागतं. ती मोठ्यानं वाचायची, तो इकडून ऐकायचा. पुढच्या खेपेला जरा जवळ. फळी काढली तेव्हा दोर माझ्या हातात होता आणि माझा घाम गळ्यापर्यंत. बटण उठला, हळूहळू गेला, तिच्या बुटाचा वास घेतला आणि बुटावर हनुवटी ठेवून आडवा झाला. चिंगी न हलता कुजबुजली, “आता पान कसं उलटू?”

तिच्या आईनं उलटलं.

त्याला कुणाकडे पाठवायचं नाही. हा निर्णय माझा ना? मग झाला.

आई

ता. क. पिशवीत आता मावत नाही. दोरानं फिरतो. मी पुढे, तो बाजूला.

*

हवामान केंद्र
१२ जुलै

प्रिय आई,

तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. स्वयंपाकी म्हणतो, आता घड्यांवर फाटेल.

माझी सुटका ठरली. ऑगस्टच्या पहिल्या होडीनं निघतेय. मी काय करणार माहितेय? गल्लीच्या तोंडापासून पळत येणार, दार ढकलणार आणि बटणाला उचलून घेऊन घरभर नाचणार. तो ओळखेल ना मला? थोडेच दिवस होता माझ्याकडे, पण माझ्या स्वेटरमध्ये झोपायचा.

तुमची सून

*

घर
२२ जुलै

सूनबाई,

तसलं काही करायचं नाही.

तो तुला ओळखणार नाही. मनाची तयारी करून ये. तू आता त्याच्यासाठी परकी बाई, आणि दार ढकलून पळत येणारी परकी बाई! गेले महिनेभर तो दाराच्या आवाजाला दचकायचा थांबलाय, ते सगळं पाण्यात जाईल. तेव्हा मी सांगते तसं ये.

बाहेरून आवाज दे. तुझा नवरा दार उघडेल, त्याला मी त्या दिवशी रजा घ्यायला लावली आहे. आत आलीस की सामान खाली ठेव, आदळू नको. बटणाच्या डोळ्यांत बघू नको. भिंतीशी, तिरकी, खाली बस. गुरगुरला तर वाईट वाटून घेऊ नको, त्याला ते करू दे. हात तुझ्या मांडीवरच असू देत. शेजारी वाटीत तुकडे ठेवलेले असतील. तो यायचा तेव्हा येईल. दुपार होईल, संध्याकाळ होईल. तोवर आपण गप्पा मारू, पण हळू आवाजात.

आणि एक. मी त्याच्याजवळ बसलेली असेन, दोर माझ्या हातात असेल. एकदम उठले तर तोही बिथरेल. इतक्या महिन्यांनी सून घरी आली आणि सासू जागची हललीसुद्धा नाही, असं तुला वाटेल. वाटू देऊ नकोस. मी दिसेन बसलेली, पण मनानं, तू गल्लीत वळशील तेव्हापासून दारातच उभी असेन.

तुझी वाट बघतोय.

आई